विश्लेषण : जन्म सोलापूरचा, रांग अमेरिकेतली… ग्रीन कार्डसाठी भारतीयांना एवढी वर्षे का थांबावे लागते?

दर महिन्याच्या मध्याच्या सुमारास अमेरिकेचे परराष्ट्र खाते एक तक्ता प्रसिद्ध करते. त्याचे नाव ‘व्हिसा बुलेटिन’. तो आला की थोड्याच वेळात त्याचा स्क्रीनशॉट जुळे सोलापूर, होटगी रस्ता, सात रस्ता परिसरातल्या अनेक घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतो. मुलगा किंवा मुलगी टेक्सासला नाहीतर न्यू जर्सीला नोकरीत, आईवडील इथे. ‘किती सरकली?’ एवढाच प्रश्न असतो. सरकते ती एक तारीख. ऑक्टोबर २०२५ च्या तक्त्यात भारताच्या रकान्यात ‘ईबी-२’ या गटासाठी ती होती १ एप्रिल २०१३. बरोबर एक वर्ष आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ती १५ जुलै २०१२ होती. म्हणजे बारा महिन्यांत रांग पुढे सरकली साडेआठ महिने.

ही तारीख नेमकी कशाची?

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. नोकरीच्या आधारे तो मिळवण्याचे तीन टप्पे आहेत. आधी कंपनी तिथल्या कामगार खात्याकडे अर्ज करते, या जागेसाठी योग्य अमेरिकी उमेदवार मिळाला नाही हे दाखवते. याला ‘पर्म’ म्हणतात. मग ‘आय-१४०’ हा अर्ज यूएससीआयएस या स्थलांतर विभागाकडे जातो. शेवटी उमेदवार आणि त्याचे कुटुंब ‘आय-४८५’ भरते आणि कार्ड मिळते.

पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, तो दिवस म्हणजे उमेदवाराची ‘प्रायॉरिटी डेट’. दवाखान्यात मिळणाऱ्या नंबरासारखीच ही गोष्ट आहे. बुलेटिनमधली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली की तुमचा नंबर लागला. पदव्युत्तर पदवी किंवा पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागणाऱ्या नोकऱ्या ईबी-२ मध्ये येतात, नुसत्या पदवीवरच्या ईबी-३ मध्ये. ईबी-३ मध्येही भारतीयांची स्थिती फारशी वेगळी नाही. ऑक्टोबर २०२५ ला तिथली तारीख २२ ऑगस्ट २०१३ होती.

पहिले दोन टप्पे काही महिन्यांत ते दोन-एक वर्षांत उरकतात. तिसऱ्याच्या दारात दहा-बारा वर्षे जातात. या काळात माणूस बेकायदा नसतो. एच-१बी व्हिसाची मूळ मर्यादा सहा वर्षांची आहे. पण आय-१४० मंजूर असेल आणि नंबर लागलेला नसेल, तर २००० च्या एका कायद्यानुसार तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते. घर घेता येते, कर भरावाच लागतो. नोकरी गेली मात्र, तर नवी शोधायला ६० दिवस.

एकाच कार्यालयातल्या दोघांसाठी वेगवेगळी रांग का?

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वर्षाची संख्या कायद्यानेच ठरलेली आहे : १ लाख ४० हजार. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी २९ नोव्हेंबर १९९० रोजी सही केलेल्या कायद्यातला हा आकडा आजही तोच आहे. यात उमेदवाराची पत्नी किंवा पती आणि मुलेही मोजली जातात. चौघांचे कुटुंब असेल तर चार कार्डे संपली.

त्यावर दुसरी अट अशी, की कोणत्याही एका देशाला एकूण कार्डांच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही. देश लहान की मोठा, याला महत्त्व नाही. आइसलँडलाही ७ टक्के, भारतालाही ७ टक्के. ईबी-२ गटाच्या वाट्याला वर्षाला सुमारे ४० हजार कार्डे येतात. त्यांचे ७ टक्के म्हणजे साधारण २,८००. इतर देशांनी न वापरलेली कार्डे शेवटी सर्वांत जुन्या तारखांकडे वळतात, म्हणून भारताला काही वर्षी यापेक्षा जास्त मिळतात. पण ती मिळतीलच याची खात्री नाही.

आता येण्याचे दार पाहा. एच-१बी व्हिसा दरवर्षी ८५ हजार नव्या लोकांना मिळतो आणि त्याला देशनिहाय मर्यादा नाही. त्यात सुमारे ७० टक्के भारतीय असतात. आत येताना देश विचारायचा नाही आणि कायम राहायचे म्हटले की देश विचारायचा, असा हा कारभार आहे. अभियांत्रिकीला असताना रांगेचे गणित शिकलो होतो : येणाऱ्यांचा वेग सेवा देणाऱ्याच्या वेगापेक्षा जास्त असेल, तर रांग कधीच स्थिर होत नाही, ती वाढतच जाते. इथे अर्ज तपासणारा कितीही झपाट्याने काम करू लागला तरी फरक पडणार नाही, कारण रांग फायलींची नसून कोट्याची आहे.

आणि ‘देश’ म्हणजे पासपोर्ट नव्हे, जन्मस्थान. सोलापुरात जन्मलेल्या माणसाने उद्या कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी तो भारताच्याच रांगेत उभा राहतो. उलट भारतीय आईवडिलांचा, पण दुबईत किंवा मस्कतमध्ये जन्मलेला त्याचा सहकारी इतर देशांच्या रांगेत जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या रांगेची ईबी-२ तारीख होती १ डिसेंबर २०२३. शेजारी-शेजारी टेबल, एकच पगार, एकच पदवी आणि दहा वर्षांचा फरक. यातली एक पळवाट कायदेशीर आहे : पती किंवा पत्नीचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर त्या देशाचा कोटा दोघांनाही वापरता येतो. आखातात नोकरीला गेलेल्या मराठी कुटुंबांतली मुले आता लग्नाच्या वयाची झाली आहेत. त्यामुळे ‘जन्मस्थान’ हा रकाना काही बायोडेटांत वेगळ्याच नजरेने वाचला जातो म्हणे.

आधीच्या पिढीला एवढे थांबावे लागले नाही का?

बेळगावच्या मराठी कुटुंबातले श्री ठाणेदार १९७९ मध्ये रसायनशास्त्रातील पीएच.डी.साठी अमेरिकेत गेले. १९८८ मध्ये ते अमेरिकी नागरिक झाले, आता मिशिगनमधून निवडून आलेले काँग्रेस सदस्य आहेत. गेल्यापासून नागरिकत्वापर्यंत नऊ वर्षे. आज तेवढ्या वर्षांत ईबी-२ मधल्या बहुतेक भारतीयांच्या हातात ग्रीन कार्डही नसते, आणि नागरिकत्वासाठी त्यानंतर साधारण पाच वर्षे मोजावी लागतात. देशनिहाय मर्यादा तेव्हाही होती, पण रांगेत उभे राहणारे भारतीय थोडे होते. नव्वदच्या दशकात संगणक क्षेत्राने उसळी घेतली आणि चित्र बदलले.

या रांगेत एक गमतीचा प्रसंगही घडला. २००७ च्या जुलैसाठी बुलेटिनने सगळ्यांच्या तारखा खुल्या केल्या. लोकांनी घाईने वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या, कागद जमवले आणि २ जुलैला निर्णय मागे घेतला गेला. त्या वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ची हवा होती. संतापलेल्या भारतीय अभियंत्यांनी गांधीगिरी करत यूएससीआयएसच्या संचालकांना शेकडो फुलांचे गुच्छ पाठवले. संचालकांनी ते जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवले. पण काही दिवसांत सरकार नमले आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले.

मुलांच्या २१ व्या वाढदिवसाची धास्ती का?

सगळ्यात मोठा पेच इथे आहे. आईवडिलांच्या अर्जावर मुलाला कार्ड मिळते ते तो २१ वर्षांचा होईपर्यंत. नंबर लागण्याआधी २१ पूर्ण झाली तर मूल त्या अर्जातून बाहेर. मग त्याने विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची फी भरायची, पुढे स्वतःचा एच-१बी मिळवायचा आणि भारताच्या त्याच रांगेत शेवटी जाऊन उभे राहायचे. नाहीतर देश सोडायचा. ज्या देशात ते पहिलीपासून शिकले, तोच.

नियम कसा चालतो हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. समजा, सोलापुरातल्या एका अभियंत्याची प्रायॉरिटी डेट १ मार्च २०१६ आहे आणि मुलीचा जन्म जून २००८ चा, सोलापूरचाच. रांग वर्षाला साडेआठ महिने याच वेगाने सरकली, तर १ एप्रिल २०१३ वरून १ मार्च २०१६ वर यायला चार वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. म्हणजे नंबर लागेल २०२९ च्या नोव्हेंबरमध्ये. मुलगी तेव्हा २१ वर्षे ५ महिन्यांची असेल.

बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. एक अंतिम तारखांचा, दुसरा अर्ज दाखल करण्याच्या तारखांचा. दुसरा थोडा पुढे असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईबी-२ साठी तो १ डिसेंबर २०१३ वर होता. फेब्रुवारी २०२३ पासून मुलाचे वय या दुसऱ्या तक्त्यावरून गोठवले जात होते. त्या हिशेबाने आपल्या उदाहरणातल्या मुलीचे वय २०२८ च्या डिसेंबरच्या आसपास, साडेविसाव्या वर्षी गोठले असते आणि ती वाचली असती. १५ ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएसने हा नियम फिरवला. आता पहिला तक्ता धरला जातो. कायदा बदलला नाही, संसदेत चर्चा झाली नाही. एका विभागाच्या धोरणपुस्तिकेत दुरुस्ती झाली आणि अशा मुलांचे जवळपास वर्ष गेले.

यात आणखी एक विचित्र भाग आहे. २००२ च्या बालसंरक्षण कायद्यानुसार आय-१४० अर्ज जितके दिवस प्रलंबित राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. समजा, त्या वडिलांचा अर्ज साध्या मार्गाने गेला आणि मंजुरीला सात महिने लागले, तर मुलीचे वय २० वर्षे १० महिने धरले जाईल. ती आत. त्यांनी जादा पैसे भरून जलद मार्ग घेतला असेल आणि मंजुरी पंधरा दिवसांत आली असेल, तर वजा होणार पंधराच दिवस. ती बाहेर. घाई करणाऱ्याला शिक्षा करणारा असा नियम मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

धाकटे भावंड अमेरिकेत जन्मले असेल तर ते जन्माने नागरिक. त्यामुळे एकाच घरात वडील एच-१बीवर, आई एच-४ वर, थोरली मुलगी धास्तीत आणि धाकट्याकडे निळा पासपोर्ट, हे चित्र सर्रास दिसते.

२०२५ मध्ये काय बदलले?

रांग तीच राहिली, पण तिच्यात उभे राहणे कठीण झाले. सर्वाधिक गाजले ते १९ सप्टेंबर २०२५ चे फर्मान : नव्या एच-१बी अर्जासाठी एक लाख डॉलर शुल्क. आधीपासून तिथे असलेल्यांच्या मुदतवाढीला ते लागू नाही, असा खुलासा नंतर झाला. रांगेतल्या कुटुंबांना जास्त बोचले ते कमी गाजलेले बदल. एच-४ वर काम करणाऱ्या जोडीदाराला २०१५ पासून नोकरीची परवानगी मिळू शकते. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना ती आपोआप ५४० दिवस चालू राहत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना ही सवलत उरली नाही. कार्ड वेळेत आले नाही की नोकरी थांबते.

सप्टेंबरपासून मुलाखतीशिवाय व्हिसाचा शिक्का मिळण्याची सोय बहुतेकांसाठी बंद झाली आणि शिक्का स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच घेण्याचे बंधन आले. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जाऊ लागली. भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे गेल्या. भावाच्या लग्नाला आलेला माणूस इथेच अडकतो, तिकडे घराचा हप्ता आणि मुलांची शाळा. त्यामुळे वडील दवाखान्यात असले तरी ‘मी येऊ की नको?’ हा प्रश्न आधी वकिलाला विचारावा लागतो.

कायदा बदलण्याचा प्रयत्न झाला नाही का?

झाला. देशनिहाय मर्यादा काढणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपले रूप मंजूर केले, पण दोन्ही सभागृहांचे मसुदे वेगळे होते आणि मुदत संपली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये असेच दुसरे विधेयक मतदानाला येता येता मागे पडले. विरोधकांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही : एकूण कार्डे न वाढवता मर्यादा काढली, तर काही वर्षे जवळपास सगळी कार्डे भारतीयांना जातील आणि बाकीचे जग रांगेत उभे राहील.

सोलापुरातून करण्यासारखे काय?

रांग पुढे ढकलणे कोणाच्याच हातात नाही. ‘तारीख लवकर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नयेत. हातात आहे ते कागद तयार ठेवणे, आणि तो कागद इथलाच असतो. आय-४८५ सोबत जन्माचा दाखला लागतो. सध्या रांगेत असलेल्यांतले बहुतेक जण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून नव्वदपर्यंत जन्मलेले. तेव्हा नोंदणी सक्तीची होती, पण घरच्या बाळंतपणाची नोंद राहून जाई किंवा बारशाआधी नोंद झाल्याने नावाचा रकाना कोरा राही. पहिले बाळंतपण माहेरी, आणि आपल्याकडे अनेकांचे माहेर इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडचे. तेव्हा नोंद असेल तर ती कर्नाटकात असते. आधी तिथे शोध घ्यावा.

नोंदच नसेल तर उशिराच्या नोंदणीचा मार्ग आहे, पण तो आता सोपा नाही. बांगलादेशी नागरिकांनी असे दाखले मिळवल्याच्या आरोपांनंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये हे दाखले देणे थांबवले आणि मार्चमध्ये पडताळणीची कडक पद्धत आणली. दुसरा मार्ग असा : नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडून घ्यायचे आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडायची. ही प्रतिज्ञापत्रे बहुधा आईवडिलांचीच असतात. नंबर यायला अजून पाच वर्षे असली तरी ती आजच नोटरी करून ठेवावीत, असे या कामातले लोक सांगतात.