ब्रश फिरतो, पण रंग हलत नाही

फोटो रिटच करणाऱ्याचं कसब हलक्या हातात असतं. ओपॅसिटी दोन टक्क्यांवर ठेवायची आणि डोळ्यांखालची काळी छटा फटकाऱ्यागणिक उजळत न्यायची. धार जिल्ह्यातल्या आमच्या राजगढला लग्नाचे अल्बम करताना मी हेच शिकलो. या कामात नव्याने आलेला प्रत्येक मुलगा एक दिवस हमखास हाक मारतो, "दादा, पेन बिघडलंय. ब्रश फिरतोय, पण काही होतच नाही!" तो पेन बदलतो, ड्रायव्हर पुन्हा टाकतो. पेन ठणठणीत असतं. अडचण फाइलच्या बिट डेप्थमध्ये असते.

8 बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला 0 ते 255 अशा 256 पायऱ्या मिळतात. समजा, त्वचेची किंमत 180 आहे आणि ब्रशचा रंग 200. फरक 20 पायऱ्यांचा. त्याचे दोन टक्के म्हणजे 0.4. अर्धी पायरी फाइलमध्ये साठवता येत नाही, त्यामुळे उत्तर शून्य. त्याच जागी वेगवेगळे शंभर फटकारे मारले, तरी 180 ते 180च. फोटोशॉपच्या 16 बिट मोडमध्ये मात्र पायऱ्या 0 ते 32768 असतात. तिथे हाच फटकारा पन्नासेक बारीक पायऱ्या पुढे सरकतो आणि पुढचा फटकारा तिथून सुरुवात करतो.

दुसरा किस्सा आकाशाचा. मोहनखेडा तीर्थ राजगढला लागूनच आहे, त्यामुळे मंदिराच्या शिखरामागचं संध्याकाळचं आकाश आमच्या अल्बममध्ये नेहमी येतं. मध्येच विजेची तार असते. तार काढायची आणि मोठ्या मऊ ब्रशने आकाश सारखं करायचं, एवढंच काम. पण 1000 पिक्सेल रुंदीच्या आकाशात रंगाचा उतार दहाच पायऱ्यांचा असेल, तर प्रत्येक पायरी 100 पिक्सेलचा पट्टा होऊन बसते. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोत बारीक दाणा असतो, तो हे पट्टे झाकतो. मऊ ब्रश नेमका तो दाणाच पुसून टाकतो. मग 12 बाय 36च्या पानावर तलावातल्या तरंगांसारखी वलयं छापून येतात. म्हणून रिटच संपल्यावर आम्ही आकाशावर थोडा नॉईज मुद्दाम परत टाकतो. ग्राहकाला तो दिसत नाही, पण वलयं त्यामुळेच मोडतात.

माझं सर्वांत आवडतं काम जुन्या फोटोंचं. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं, त्यामुळे या भागातल्या मराठी घरांत पगडी-अंगरख्यातल्या पणजोबांचा फिकट पडलेला फोटो अजून भिंतीवर असतो. तो 8 बिटमध्ये स्कॅन केला, की सगळा चेहरा 90 ते 150 या साठेक पायऱ्यांत कोंबलेला सापडतो. उठाव आणण्यासाठी तोच पट्टा 0 ते 255 असा ताणला, की शेजारच्या दोन छटांमध्ये चार-चार पायऱ्यांच्या फटी पडतात आणि गालावर ब्रश टेकवताच डाग उठतात. इलाज एकच : मूळ फोटो पुन्हा 16 बिटमध्ये स्कॅन करून टिफमध्ये ठेवायचा. फ्रेममधून फोटो काढताना घरातल्या आजींचा जीव वरखाली होतो, पण पणजोबांचा चेहरा त्यानेच वाचतो.

ही अडचण हॉलिवूडलाही छळत होती. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर तेव्हा 8 बिटचं होतं. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी धावतात, एका चौकटीत आलेला पट्टा पुढच्या चौकटीत हलतो आणि लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून 1990च्या दशकाच्या अखेरीस ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीच्या पुढाकाराने 16 बिटची वेगळी शाखा तयार झाली, फिल्म गिम्प. 2002च्या 'स्कूबी-डू'च्या चौकटींवर तिने हात फिरवला. मूळ गिम्पमध्ये ही खोली यायला मात्र एप्रिल 2018मधली 2.10 आवृत्ती उजाडावी लागली. फोटोशॉपमध्ये 16 बिटवर लेअर आणि ब्रश मोकळेपणाने वापरता आले ते 2003च्या सीएसपासून.

या क्षेत्रातले मोठे जाणकार डॅन मार्गुलिस वर्षानुवर्षं सांगत आले, की साध्या रंगीत फोटोंच्या दुरुस्तीत 16 बिटचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. त्यात तथ्य आहे. दाणेदार फोटोवर दोन-चार फटकारे मारायचे असतील, तर 8 बिट पुरतं. शेवटी लॅबला जाणारी जेपेगही 8 बिटचीच असते. पण ब्रशचं काम साचत जातं. प्रत्येक फटकाऱ्याला अपूर्णांक कापला गेला, की शंभराव्या फटकाऱ्यापर्यंत चूक डोळ्यांपुढे येते.

नव्या मुलांना माझं सांगणं एवढंच : रॉ उघडताना 16 बिट निवडा. हाती फक्त जेपेग आली, तरी ब्रश उचलण्याआधी मोड बदला. त्याने हरवलेल्या छटा परत येत नाहीत, पण तुमचा प्रत्येक फटकारा मात्र जमेस धरला जातो. पट्टे तपासायचे ते 100 टक्के झूमवर, आणि 8 बिटवर उतरायचं ते सगळ्यात शेवटी. फाइल दुप्पट जड होते, संगणक कुरकुरतो. ते सोसावं. हलक्या हाताच्या कामाला तेवढी जागा लागतेच.