प्रथमदर्शन आणि परीक्षा

सन २०२० च्या जानेवारींत अमेरिकेतील लास व्हेगास येथील प्रदर्शनांत डेल कंपनीनें 'एलियनवेअर कन्सेप्ट यूएफओ' हा हातांत धरून खेळावयाच्या संगणकाचा नमुना मांडला. आठ इंचांचा पडदा, आंत विंडोज १०, आणि दोहों बाजूंस काढतां-घालतां येणाऱ्या कळांच्या मुठी! मेजावरील संगणकाचे खेळ दोन हातांत मावलेले पाहून आम्हांसही कौतुक वाटलें.

परंतु प्रथमदर्शन म्हणजे परीक्षा नव्हे. पहिल्या दिवशीं चटचट उत्तरें देणारा विद्यार्थी वर्षअखेर तसाच राहतो असें नाहीं, हा आमचा जुना अनुभव. अशा यंत्राची कसोटी बॅटरी, उष्णता व वजन या तिहींत असते. व्हॉल्व्ह कंपनीचें 'स्टीम डेक' फेब्रुवारी २०२२ मध्यें ग्राहकांच्या हातीं पडलें, त्याचेंच गणित पहावें. वजन सुमारें ६६९ ग्रॅम, बॅटरी ४० वॅट-तासांची. जड खेळांत यंत्र २० वॅट शक्ति घेऊं लागलें, कीं दोन तासांत बॅटरी रिती! ती मोठी करावी तर वजनानें मनगट दुखतें. वेग वाढवावा तर यंत्र तापतें व पंखा घोंघावतो. या ओढाताणींत मध्य साधणें हीच खरी कारागिरी.

यूएफओचा तो नमुना पुढें बाजारांत आलाच नाहीं. म्हणून नातवंडांनीं नव्या यंत्राचें चित्र दाखवून हट्ट धरला, तर वडील मंडळींनीं रागावूं नये, एवढेंच म्हणावें, "बाळ, दोन तास खेळल्यावर तें कसें चालतें, तेंही पाहूं या."