तिसरा चढाईवाला

मंडळी, आणि शाळेतले गुरुजी, शिरूर-दौंडकडे कबड्डीचा डाव रंगला की सगळ्यांची नजर एकाच गड्यावर असते. चढाई करावी तर त्यानेच! पण असे पाहा, तोच बाद झाला तर? बाद गडी आत यायचा तो संघाने समोरचा गडी टिपला तर. टिपणारा तर बाहेर बसलेला. मग उरलेले नुसते पकडीची वाट पाहत एकेक करून बाहेर जातात, आणि लोण चढतो.

पुणेरी पलटणचे उदाहरण घ्या. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत प्रो कबड्डीचा अंतिम सामना झाला. चढाईत बोलबाला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांचा. पण एका चढाईत चार गुण आणले ते पंकज मोहितेने! पलटण जिंकली २८-२५. तीनच गुणांनी बरे का. हिशेब तुम्हीच करा.

या स्पर्धेत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. अशा वेळी मुख्य गडी कशाला धोक्यात घालायचा? ताज्या दमाचा दुसरा हवा.

आपल्याकडे सात खेळतात, आणि राखीव पोरे कपडे सांभाळतात. गुरुजी, सरावात हुकमी गड्याला रोज दहा मिनिटे बाहेर बसवा. पहिल्या दिवशी पोरे एकमेकांची तोंडे बघतील. आठवड्याने चढाईला कोण जाणार यावरून भांडतील. भांडू द्या.