बांध साफ करा, पण बांध कोरू नका



गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर आपल्या एका सभासदाचं सोयाबीन मळून झालं. २२ पोती. संकलन केंद्रावरून पिकअप गेला, पण पाणंदीच्या तोंडाशीच थांबला. दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ आत झुकलेली, मधे कमरेएवढं गवत. चाकोरी कुठं आणि खड्डा कुठं, काहीच दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, "काका, टायर फुटला तर भरून कोण देणार?" मग पोती डोक्यावरून काढायची ठरली. निम्मी निघाली आणि पाऊस आला. उरलेला माल भिजला, केंद्रावर ओलावा जास्त भरला आणि भाव कमी लागला.

नुकसान पावसानं केलं, असं सगळे म्हणाले. खरं तर ते पाणंदीनं केलं होतं.

यंदा त्याच पाणंदीवरचे सात खातेदार एकत्र बसले. त्यातले दोन सख्खे भाऊ बांधावरून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तरी काम झालं. कसं झालं, ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

*आधी हद्द, मग कोयता*

भांडण गवतावरून होत नाही, फूटभर जमिनीवरून होतं. जेसीबीचं बकेट एकदा बांधात घुसलं की जुना दगड कुठं होता हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून या मंडळींनी पहिला दिवस फक्त चालण्यात घालवला. गाव नकाशाची प्रत सोबत घेतली. हद्दीचे दगड कोयत्यानं गवत काढून मोकळे केले, त्यांना चुना लावला आणि दोन्ही बाजूचे मालक उभे करून मोबाईलवर फोटो काढले. जिथं दगड सापडला नाही तिथं मशीन लावलंच नाही, हातानंच छाटलं. तिथली मोजणी नंतर करू, असं ठरलं. दोघा भावांचा वाद मिटला नाही, पण वाढलाही नाही. हद्दीची खूण हलवणं कायद्यानं दंडाला पात्र आहे, हे लक्षात असू द्या.

*काय मुळापासून, काय नुसतं छाटायचं*

वेडी बाभूळ वरून तोडली की एकाच्या जागी दहा फुटवे येतात. बुंध्याभोवती उकरून जमिनीखाली अर्धा ते एक फूट खोल मूळ तोडा. खड्डा लगेच बुजवून दाबा, नाहीतर बांध तिथूनच फुटेल. घाणेरीचंही तसंच, मुळाचा गड्डा जमिनीच्या खाली तोडायचा. तिचा पाला जनावरांना विषारी आहे, तोडलेला ढीग गोठ्याजवळ टाकू नका. गाजर गवत फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातात मोजे घाला, अंगाला खाज सुटते. फुलावर आलेलं गाजर गवत खतात टाकू नका, बी पुन्हा शेतात येईल.

पण बांधावरचं सगळंच गवत काढायचं नाही. हराळी, पवना, मारवेल ही गवतं माती धरून ठेवतात आणि वैरणही देतात. ती कापा, खणू नका. आंबा, चिंच, जांभूळ, साग, खैर, चंदन अशी झाडं आपल्याच बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. रस्त्यावर आलेली फांदी छाटायची तर आधी तलाठ्याला विचारा.

*काडी लावू नका*

बांध पेटवणं सोपं वाटतं. पण वारा फिरला की शेजारचा ऊस, ठिबकच्या नळ्या, कडबा, सगळं जातं. शिवाय उघडा पडलेला बांध पुढच्या पावसात वाहून जातो. तणनाशकाचंही जपून. टू-फोर-डी चा फवारा वाऱ्यानं कपाशीवर किंवा द्राक्षावर गेला तर थोड्यानंही पानं वाकडी होतात. शेजारी कपाशी उभी असेल तर बांधावर ते वापरूच नका.

काटेरी फांद्या कुंपणाला लावा, जाड लाकूड सरपणाला. ओढ्यात किंवा मोरीत काही टाकू नका. मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरूनच जाणार.

*जीव सांभाळा*

गवतात घोणस, फुरसं असतं. पायात बूट घाला, आधी काठीनं गवत हलवा, हात मागून घाला. साप चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय हलवू न देता, १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना. विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेवर वेल चढलेला असेल तर स्वतः ओढू नका, १९१२ वर कळवा.

*शेजारी ऐकतच नसेल तर*

आधी पारावर बोला. नाहीच जमलं तर तहसीलदारांकडे दोन वाटा आहेत. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली अर्ज करायचा. तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका. शेताला रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो.

त्या सात जणांचं काम दोन दिवसांत उरकलं. जेसीबी चार तास लागला, भाडं सातांत वाटलं. मधला भाग उंच ठेवून कडेनं चर काढला, म्हणजे पाणी थांबणार नाही. काल त्या पाणंदीतून पहिली ट्रॉली भरून बाहेर आली. मोठ्या भावाची होती. ढकलायला धाकटा आला होता. बोलले काही नाहीत, पण खांदा दोघांनी लावला.

यंदाची सोयाबीनची उचल सुरू व्हायच्या आत तुमची पाणंद एकदा चालून बघा. गाडी जाईल का, ते आपल्या ग्रुपवर कळवा. फोटो टाकलात तर कुठली गाडी पाठवायची ते आम्हाला आधीच ठरवता येईल. हा मेसेज पाणंदीवरच्या शेजाऱ्यालाही पाठवा, बोलणं नसेल तरी.