अकरा मिलिमीटरचा फरक

रेल्वे इंजिनाची ताकद आपण अश्वशक्तीत मोजतो. परंतु गाडी प्रत्यक्षात ओढली जाते ती चाक आणि रूळ यांच्यामधील नाण्याएवढ्या स्पर्शस्थानी. तेथे चाकांचे व्यास थोडेसे निरनिराळे असले तर काय घडते आणि ते गणिती प्रतिरूपाने कसे पडताळावे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

उदाहरणादाखल भारतीय रेल्वेचे डब्ल्यूएजी-९ हे मालवाहू विद्युत इंजिन घेऊ. त्याचे वजन सुमारे १२३ टन. सहा आसांवर प्रत्येकी साडेवीस टन. नव्या चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, तर झिजेच्या अखेरच्या मर्यादेवर तो १०१६. एक किलोमीटर जाताना नवे चाक सुमारे २९१ फेरे घेते, झिजलेले ३१३. या इंजिनाच्या मूळ रचनेत एका बोगीतील तिन्ही मोटरांना एकाच इन्व्हर्टरकडून, एकाच वारंवारितेची वीज मिळते. मेख येथेच आहे.

इंडक्शन मोटरचा रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या किंचित मागे राहतो. नेहमीच्या कामात तो जितका मागे, तितका त्याचा जोर अधिक. क्षेत्राचे १०० फेरे होताना नव्या चाकाच्या मोटरचे, त्याच हिशेबाने, ९८ होतात असे मानू. शेजारचे चाक एक टक्क्याने, म्हणजे अकरा मिलिमीटरने लहान असेल, तर गाडीच्या त्याच वेगासाठी त्याच्या मोटरचे ९९ फेरे व्हावे लागतात. ती दोनऐवजी एकानेच मागे राहते आणि तिचा जोर निम्मा होतो.

आता हे स्प्रेडशीटमध्ये मांडू. एका बोगीने १५ टनांचा जोर लावायचा आहे. चाके सारखी असल्यास वाटणी ५, ५, ५. एक चाक लहान असल्यास ६, ६, ३. ओलसर रुळावर पकड वजनाच्या पाव पट धरली, तर प्रत्येक आसाची मर्यादा सुमारे ५.१ टन. सारखी चाके निभावून नेतात. विषम जोडीतील दोन मोठी चाके मात्र घसरतात. एकूण जोर तोच, वजन तेच, तरी गाडी अडते. भोर घाटातील १:३७ सारख्या चढावर ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. विद्युत ब्रेक लावताना उलट घडते: अधिक भार लहान चाकावर येतो.

हे प्रतिरूप साधे आहे. ओढताना पुढील आसांवरचे वजन काहीसे मागे सरकते, ते त्यात धरलेले नाही. तरीही लोको शेडमध्ये एका बोगीतील चाके लेथवर एकसारख्या व्यासाची का करतात आणि प्रत्येक आसाला स्वतंत्र इन्व्हर्टर देण्याचा लाभ काय, हे त्यातून स्पष्ट होते.

आमच्या विद्यार्थ्यांनी व्यासांचे आकडे बदलून हे कोष्टक स्वतः करून पाहावे. सरासरी पुरेशी दिसत असतानाही, सर्वाधिक भार कोणावर पडला आहे हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.