वेष्टन फोडावें कीं राखावें?

नवी वस्तु घरीं आली म्हणजे तिचें वेष्टन केव्हां एकदां फोडूं, असें मुलांस होऊन जातें. आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु व्हिडिओ गेमच्या शौकिनांत एक वर्ग असा आहे कीं, तो नवा खेळ विकत घेऊन न उघडतांच कपाटांत ठेवितो. हें शहाणपण कीं वेड, हा प्रश्न आमच्या वर्गांत अधूनमधून निघतो. तेव्हां त्याचा थोडा विचार येथें करूं.

सन २०२१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील डॅलस येथील हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहांत ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची एक सीलबंद प्रत १५ लक्ष ६० हजार डॉलरांस विकली गेली. वस्तुतः हा खेळ दुर्मिळ मुळींच नव्हे. निन्टेन्डो कंपनीनें तो १९९६ सालीं काढला, आणि त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या. मग एवढे डॉलर पडले ते कशाचे? वरच्या पातळ प्लास्टिकचे! ज्या लक्षावधि मुलांनीं वेष्टनें फाडून खेळ खेळले, त्यांनींच न फाडलेल्या एका वेष्टनास मोल आणून दिलें. आतां भाव चढेल या आशेनें हजारों लोक नवे खेळ बंदच ठेवूं लागले, तर तीस वर्षांनीं सीलबंद प्रती मुबलक असतील, आणि मुबलक वस्तूस असा भाव कोण देणार?

या व्यापाराची रीत मोठी मौजेची आहे. खोकें परीक्षक कंपनीकडे पाठवावें. ती खोक्यास दहांपैकीं गुण देते, सीलास अक्षरानें निराळी श्रेणी देते, आणि सर्व कांहीं कठीण पारदर्शक पेटींत बंद करिते. वरील प्रतीस ९.८ गुण व ‘ए प्लस प्लस’ श्रेणी होती. आंतील कार्ट्रिज मात्र परीक्षकास दिसत नाहीं. उत्तरपत्रिका न उघडतां केवळ पाकिटाच्या नीटनेटकेपणावर गुण देण्याची मुभा आम्हां शिक्षकांस असती, तर परीक्षेचे दिवस किती सुखाचे झाले असते!

तथापि सीलबंद प्रत सर्वस्वी निरर्थक, असें आमचें म्हणणें नाहीं. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्राचे खेळ १९८५ सालीं अमेरिकेंत प्रथम आले, तेव्हां खोक्याच्या तोंडाशीं केवळ एक लहानसें स्टिकर लाविलेलें असे. प्लास्टिकचा प्रघात मागाहून पडला. अशा गोष्टींस न उघडलेली प्रत हाच उत्तम पुरावा होय.

परंतु सील असलें म्हणून काळ थांबत नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या खेळाच्या कार्ट्रिजमध्यें खेळाची प्रगति साठविण्याकरितां एक लहान बॅटरी बसविलेली होती. अशी बॅटरी न वापरतांही क्षीण होते. याच खेळाची एक सीलबंद प्रत त्याच जुलैमध्यें ८ लक्ष ७० हजार डॉलरांस गेली. शिवाय आजच्या कांहीं नव्या खोक्यांत खेळ नसतोच. इंटरनेटवरून तो उतरवून घेण्याचा संकेतांक तेवढा असतो. दुकान बंद झालें कीं तें खोकें रिकामें. निन्टेन्डोनें आपल्या थ्री-डी-एस व वी-यू या यंत्रांचें असें दुकान २०२३ सालीं बंद केलें.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत, २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत विक्रीस नाहींत, असें आढळलें. असा खेळ नष्ट होऊं द्यावयाचा नसेल, तर कोणीतरी प्रत उघडून कार्ट्रिजमधील सर्व मजकूर यंत्रानें वाचून घेऊन तो जतन केला पाहिजे. पेटींत कायमची कोंडलेली प्रत या कामीं निरुपयोगी आहे. खेळाचें रक्षण उघडणाराच करितो. न उघडणारा खोक्याचें करितो.

तेव्हां ज्या विद्यार्थ्यानें वर्षभर पैसे सांठवून एकच खेळ घेतला आहे, त्यानें तो खुशाल उघडावा. मात्र दातांनीं नव्हे! कात्रीनें प्लास्टिक अलगद कापावें, खोक्याचे कोपरे दुमडूं देऊं नयेत, आणि आंतील पुस्तिका असल्यास ती जपून ठेवावी. कारण उघडलेली, परंतु खोकें व पुस्तिका यांसह पूर्ण असलेली प्रत, हिलाही संग्राहकांत चांगली मागणी असते.