पट्टीत कोंडलेला ताण

प्लास्टिकची पट्टी कुणी न वाकवताही कधी कधी भोकापाशी तडकते. असे का? वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरले, की बाहेरचा थर आधी थिजतो. आतला भाग मागाहून थंड होताना आकसू पाहतो. घट्ट झालेले कवच त्याला अडवते. ही ओढाताण वस्तूत कोंडून राहते. तिलाच आपण अवशिष्ट ताण म्हणतो.

जळकोटच्या शाळेतही तो पाहता येईल. संगणकाच्या पांढऱ्या एलसीडी पडद्यासमोर पारदर्शक पट्टी धरावी व पोलरॉइड चष्म्यातून पाहावे. चष्मा फिरवत पडदा काळा दिसू लागला, की पट्टीत रंगीत पट्टे उमटतात. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१६ मध्ये काचेतील असे रंग वर्णिले होते. साच्यात वाहताना ताणल्या गेलेल्या रेणूंचाही या रंगांत वाटा असतो. पट्टे दाट, तिथे तड्याचा धोका अधिक. पट्टी कुठे तुटेल, हे मुलांनाच ओळखू द्यावे!